सँ मालोच्या फांजीवरून: सकाळची फेरी केव्हा आणि कशी करावी

फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सँ मालो हे तटबंदीचं शहर आहे. तटाच्या फांजीवरून, म्हणजे माथ्यावरच्या चालायच्या वाटेवरून, सकाळी फेरी मारायची तर किती वाजता निघावं, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर भरती-ओहोटीच्या तक्त्यात आहे, म्हणून आज तट नंतर, आधी समुद्र.

इथे मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरहून जास्त चढ-उतार करतं. म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडणार आणि दोनदा उघडी पडणार. फ्रेंच तक्त्यात प्रत्येक भरतीपुढे ती किती मोठी ते सांगणारा 'कोएफिसियाँ' नावाचा आकडा असतो, २० ते १२० यांच्या दरम्यान. सत्तर म्हणजे मध्यम, पंचाण्णवच्या पुढे उधाण, पंचेचाळीसच्या खाली भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. आता गंमत बघा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बारा-एकला येते, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. तसंच सँ मालोत उधाणाची भरती उन्हाळी घड्याळाप्रमाणे साधारण सकाळी आठ-नऊला आणि तशीच रात्री येते. त्यामुळे आकडा शंभरच्या वर असलेल्या दिवशी सकाळी तटावर चढा, लाटा थेट पायथ्यावर आपटताना दिसतील. त्या दिवशी ओहोटी दुपारी तीनच्या सुमारास. समोरच्या बेटांवर चालत जायचं ते त्याच्या आधी, पाणी उतरत असताना.

तक्ता वाचताना लोक एका ठिकाणी फसतात. काही छापील तक्ते वर्षभर हिवाळी वेळेतच असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. तो न मिळवता गणित केलं, तर सगळा दिवस तासाभराने चुकतो. तळाशी घड्याळाबद्दल काय लिहिलंय, ते आधी बघा.

आता तट. सँ व्हँसाँ दरवाजा पूर्वेला, किल्ल्याजवळ. तिथल्या पायऱ्यांनी वर या आणि दक्षिणेकडे वळा. शहर उजव्या हाताला, पाणी डाव्या हाताला, म्हणजे आपली नेहमीची प्रदक्षिणाच. पूर्ण फेरी पावणेदोन किलोमीटरची. न थांबता चालणाऱ्याला अर्धा तास पुरतो, पण तासभर तरी हातात ठेवावा. तिकीट नाही. पायऱ्या ग्रॅनाइटच्या, पावसाने आणि खाऱ्या तुषारांनी निसरड्या होतात, तेव्हा गुळगुळीत तळाचे बूट नकोत. ही दिशा निवडण्याचं कारण उजेड: पश्चिमेच्या बाजूला पोचेपर्यंत सूर्य पाठीशी येतो आणि समोरची बेटं स्वच्छ दिसतात. तिथे वारा मात्र झोंबतो, आणि उंच घरांची सावली फांजीवर बराच वेळ असते. ऑगस्टमध्येसुद्धा वाऱ्याचं जॅकेट जवळ असू द्या.

दक्षिणेच्या भागात जहाजमालकांचे वाडे लागतात. सँ मालोच्या व्यापाऱ्यांचा हिंदुस्थानशी संबंध इथूनच लक्षात येतो. माद्रास १७४६ मध्ये जिंकणारा माहे द ला बूर्दोने याच गावचा, जन्म १६९९. सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणाऱ्या रोबेर स्युरकूफने १८०० साली बंगालच्या उपसागरात इंग्रजांचं 'केंट' हे कितीतरी मोठं जहाज पकडलं. त्याचा पुतळा पश्चिमेच्या बागेत समुद्राकडे बोट दाखवत उभा आहे. शेजारच्या हॉलंड बुरुजावर पूर्वी राखणदार कुत्रे ठेवत आणि रात्री बाहेरच्या पुळणीवर सोडत. १७७० मध्ये त्यांनी एका नौदल अधिकाऱ्याचा जीव घेतला आणि ती प्रथा बंद झाली.

या टप्प्यावर खाली बघून एक गोष्ट पारखा. तट बराचसा जुना आहे: काही भाग मध्ययुगीन, काही १८व्या शतकात गारांजो या अभियंत्याच्या देखरेखीखाली वाढवलेला. पण आतलं गाव तसं नाही. ऑगस्ट १९४४ मधल्या लढाईत आणि आगीत तटाच्या आतला सुमारे ८० टक्के भाग नष्ट झाला. पुनर्बांधणी १९४८ नंतर सुरू झाली आणि दशकभराहून अधिक चालली. दर्शनी भिंती ग्रॅनाइटच्या, उतरती स्लेटची छपरं, उंच धुराडी, सगळं जुन्या वळणाचं. पण आत बऱ्याच ठिकाणी काँक्रीट. ओळखायचं कसं? खिडक्या एका रेषेत, सारख्या अंतरावर, चिरे एकसारख्या कापाचे आणि कोपरे धारदार असतील, तर घर विसाव्या शतकातलं. अझफेल्ड वाड्यासारखी काही खरी जुनी घरं वाचली आहेत. या पुनर्बांधणीला नकली म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. उंची आणि छपरांची रेषा राखली म्हणून समुद्रावरून हे गाव आजही पूर्वीसारखं दिसतं, आणि बंदराच्या गावाला ते महत्त्वाचंच.

बिदुआन बुरुजाजवळून बों-सकूरच्या पुळणीकडे बघा. तिथे समुद्रातच बांधलेला पोहण्याचा तलाव आहे, काँक्रीटच्या भिंतीमुळे ओहोटीतही त्यात पाणी राहतं. भरतीला भिंत गडप होते, सूर मारण्याचा मनोरा तेवढा वर राहतो. त्या मनोऱ्याचे किती टप्पे कोरडे आहेत, यावरून पाणी कुठवर आलं आहे याचा अंदाज तटावरूनच येतो.

याच पुळणीवरून ओहोटीत ग्राँ बे बेटावर चालत जाता येतं, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखं. तिथे फ्रेंच लेखक शातोब्रियाँ याची १८४८ मधली समाधी आहे, नाव न कोरलेली. वाट दगडी, शेवाळलेली. धोका वेळेचा आहे. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही; ढोबळ हिशोबाने बारा भाग केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. बारा मीटरच्या उधाणात तिसऱ्या-चौथ्या तासाला तासाला तीन मीटर, म्हणजे मिनिटाला पाच सेंटीमीटर. शिवाय इथे चढायला उतरण्यापेक्षा कमी वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेग याहून थोडा जास्तच. वाटेचा सखल भाग आधी बुडतो, तुम्ही बेटावर निवांत असताना.

म्हणून पाणी उतरत असतानाच जा आणि ओहोटीच्या वेळेपर्यंत परत निघा. वाटेवर दोन्ही बाजूंनी पाणी आलेलं दिसलं, तर घोट्याएवढंच आहे म्हणून उतरू नका. ओढ पाय उचलते. उंच जागी थांबा, कुणी आजारी वा जखमी असेल तर ११२ ला फोन करा. नाहीतर पुढच्या ओहोटीपर्यंत पाच-सहा तास तिथेच काढावे लागतील, तेव्हा पाण्याची बाटली आणि खाऊ पिशवीत असू द्या. खाऊ उघड्यावर हातात धरू नका, इथले समुद्रपक्षी मागून येऊन उचलतात.