उद्देशिका गावाच्या भिंतीवर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या राज्यघटनेचं मूळ हस्तलिखित हे एका अर्थी चित्रांचं पुस्तक आहे. इंग्रजी मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिला, हिंदी मजकूर वसंत कृष्ण वैद्य यांनी. चित्रं केली ती शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. घटनेचे मूळ बावीस भाग, आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर एक चित्र. मूलभूत हक्कांच्या भागावर राम, सीता, लक्ष्मण. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. इतरत्र बुद्ध, अकबर, टिपू, झाशीची राणी, नोआखालीत गेलेले गांधीजी. अगदी शेवटी डोंगर, वाळवंट आणि समुद्र. उद्देशिकेच्या पानाची चौकट जबलपूरच्या ब्यौहार राममनोहर सिंहा यांची. त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात सही केली ती नुसती ‘राम’ एवढीच.

या सगळ्यात गोवा नाही. असणार तरी कसा? २४ जानेवारी १९५० रोजी दिल्लीत घटना समितीचे सदस्य त्या हस्तलिखितावर सह्या करत होते, तेव्हा पणजीत पोर्तुगीज गव्हर्नर बसलेला होता. साधी लग्नपत्रिका छापायची तरी ती आधी सेन्सॉरला दाखवावी लागत होती. घटना समितीत आपला प्रतिनिधी नव्हता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनं आपण त्या पुस्तकात आलो. आलो, पण चित्राशिवाय आलो.

ते राहिलेलं चित्र आता आपल्या गावांनी काढावं, एवढंच मला आज सांगायचं आहे. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, शाळा-पंचायतींत उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं. हात पुढे करून सगळे म्हणतात, घरी जातात. त्याऐवजी २६ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर, म्हणजे घटना स्वीकारल्याच्या दिवसापासून गोवा मुक्तिदिनापर्यंत, गावच्या सभागृहात किंवा शाळेत एक प्रदर्शन मांडता येईल. चित्रं मात्र विकत आणलेली नकोत, गावानं केलेली हवीत.

चित्रकार कुठून आणायचे, असं विचारू नका. चवथीला रानातली फळं-पानं बांधून गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीत मोर आणि मासोळ्या उभ्या करणारे हात आपल्याच वाड्यावर आहेत. शिगम्याचे चित्ररथ कोण करतं? दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यासाठी जागणाऱ्या पोरांना एकदा सांगून बघा. कागदाचा लगदा, बांबू आणि रंग यांचं त्यांना जे कळतं ते कलाशाळेतल्या पहिल्या वर्षाला येत नाही. (नरकासुरापुढच्या गाण्यांचा आवाज तेवढा कमी ठेवायला सांगा.)

शिवाय आपली कावी ही भित्तिचित्रांची कला आहे. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हुरमंजीचा लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडायचा, की खालची पांढरी रेघ उमटते. रंग फक्त दोन आणि चूक दुरुस्त करायला सवड नाही. उद्देशिकेचे शब्द एखाद्या गावानं या पद्धतीनं भिंतीवर उतरवले तर ते छापील फलकासारखे पुढच्या पावसाळ्यात सोलून निघणार नाहीत.

नंदलालबाबूंच्या परंपरेशी आपलं नातं नाही असंही नाही. सांत इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, हे बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. परत येऊन त्यांनी साडीतली मारियामाता रंगवली. ते इथल्या पुष्कळांना मानवलं नाही, टीका झाली, आणि हा गोमंतकीय पुण्याच्या एका आश्रमात जाऊन रंगवत राहिला. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. घटना रंगवणाऱ्या गुरूचा गोवेकर शिष्य म्हणून त्यांचं एखादं चित्र या प्रदर्शनात दाराशीच असावं असं मला वाटतं.

आता विषय, म्हणजे उद्देशिकेतले एकेक शब्द. स्वातंत्र्याला मी तरी झेंडा काढणार नाही. मी रेडिओ काढीन. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉकहून गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं, पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत. गोवा मुक्त झाल्यावर ही बातमी त्या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोव्याला ऐकवली. दुसरं चित्र जेवणाच्या टेबलाचं. १९५४ साली एका मेजवानीत कुणीतरी ‘हे पोर्तुगालच आहे’ अशा अर्थाचं बोललं, आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. त्यांना अटक झाली आणि रवानगी पोर्तुगालला. ‘विचार, अभिव्यक्ती’ हे शब्द आपण भराभर म्हणून टाकतो, त्यांची इथली किंमत ही होती.

न्यायासाठी कूळ कायदा १९६४ चा आणि मुंडकार कायदा १९७५ चा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीतलं मुंडकाराचं घर आणि त्याच्या दारातला माड, बस. वयस्क माणसं बाकीचं समोर उभं राहून सांगतील.

समानतेपाशी अडचण आहे. इथे हमखास गावकरीचं, कोमुनिदादचं, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं चित्र येणार: आमच्या गावांत लोकशाही आधीपासूनच होती, असं सांगणारं. गावकरी मोठी होती, खाजन (खाऱ्या पाण्यालगतची) शेतं आणि बांध तिनं सांभाळले, हे कबूल. पण तिथे बसायचा हक्क गावकार घराण्यातल्या पुरुषांचा. बायका बाहेर, बांधावर राबणारे बाहेर. चित्र काढा, पण त्या मंडपाबाहेर उभे असलेलेही काढा. घटनेनं ‘दर्जाची व संधीची समानता’ लिहिली ती त्यांच्यासाठी.

बंधुता सगळ्यांत अवघड. १९४६ च्या डिसेंबरात नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. फाळणीनंतर, १९४८ च्या मसुद्यात, डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीनं तो घातला. देऊळ, इगर्ज आणि मशीद एका ओळीत काढून वर तिरंगा, हे चित्र कृपा करून नको. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, काढा, जिला लोक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि जिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात.

आणि धैर्य असेल तर १६ जानेवारी १९६७ काढा. जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. १,३८,१७० मतं फुलाला, १,७२,१९१ पानांना. आपण मराठी बोलणारे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी फूल होतं, काहींच्या घरी दोन्ही. पुढे मराठी-कोंकणीच्या वादात ती जखम पुन्हा उघडली. फूल आणि पानं एकाच फांदीवर काढली तर कुणाला रुचेल, कुणी चिडेल. चिडणाऱ्यानं आपलं चित्र शेजारी लावावं. त्याच्यासाठी भिंतीवर जागा ठेवा.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. हस्तलिखितातल्या उद्देशिकेची प्रत लावाल तेव्हा लक्षात असू द्या, त्यात ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द सापडणार नाहीत. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आले. मुलं विचारतील. आणि मजकूर मराठीत लावा, देवनागरी कोंकणीत लावा, पण रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतली प्रतही लावा, नाहीतर इगर्जीजवळच्या वाड्यावरची म्हातारी माणसं नुसती चित्रं बघून परत जातील.

नमस्कार.