एक्री की एक्रीत?

श्रोतेहो, नमस्कार.

‘मी चिठ्ठी लिहिली.’ बाई म्हणो की बुवा, ‘लिहिली’च. क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं, लिहिणाऱ्याच्या नाही. हे आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. फ्रेंचमध्ये मात्र याच जागी भल्याभल्यांची दांडी उडते.

नीट ऐका. ‘ज’ए एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली. ‘एक्री’. शेवटचा त मुका. आता चिठ्ठी पुढे आणू: ‘ला लेत्र क ज’ए एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी. मुका त बोलू लागला! चिठ्ठी फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी, आणि ती क्रियापदाच्या आधी आली, म्हणून. पुन्हा ऐका: कर्म नंतर, तर एक्री. कर्म आधी, तर एक्रीत. आपल्या मुलांची चूक ठरलेली, ‘ज’ए एक्रीत ला लेत्र’. ती मराठीच्या सवयीनं होते, कारण आपल्याकडे कर्म कुठंही असलं तरी ‘लिहिली’च.

हा नियम मुळात एका कवीनं सांगितला. क्लेमाँ मारो, राजा पहिल्या फ्रान्स्वाच्या दरबारातला. 1534 च्या ऑक्टोबरात एका रात्रीत पॅरिसमध्ये कॅथलिक प्रार्थनेविरुद्ध भित्तिपत्रकं लागली. धरपकड सुरू झाली, संशयितांच्या यादीत मारोचंही नाव. गडी पळाला. आधी राजाच्या बहिणीच्या आश्रयाला, तिथून थेट इटलीत, फेराराला. तिथली डचेस रने ही फ्रेंच राजकन्याच. पुढे माफी मागून मायदेशी परतला आणि 1538 च्या सुमारास शिष्यांना उद्देशून एक छोटी कविता केली: पोरांनो, धडा ऐका, आपल्या भाषेत आधी आलेला शब्द मागून येणाऱ्यावर हुकूम चालवतो. पुरावा कसला, तर एका प्रेमगीताची ओळ! ‘माझी प्रीत तुम्हांला दिली’, त्यात ‘दिली’ स्त्रीलिंगी. आणि शेवटी साक्षीला इटालियन भाषा.

गंमत पुढेच आहे. त्या ओळीतल्या प्रीतीचा फ्रेंच शब्द ‘आमूर’, तो तेव्हा स्त्रीलिंगी चालायचा. आज एकवचनात तो पुल्लिंगी आहे. म्हणजे मारोचं उदाहरण आज त्याच्याच नियमानं चुकीचं! आणि ज्या इटालियनची त्यानं साक्ष काढली, तिथं आज ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना बहुतेक जण क्रियापद बदलतच नाहीत. साक्षीदार उलटला, नियम मात्र फ्रेंचांच्या गळ्यात राहिला. 2018 मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी तो काढून टाका म्हटलं, तर केवढा गदारोळ! आपण 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, मराठी काही बुडाली नाही. आणि हो, आपल्याकडे फ्रेंचचा तास इंग्रजीतून चालतो हेच मुळात उफराटं. इंग्रजी ‘रिटन’ कधी बदलतच नाही. त्यातून हे पोराला कसं समजावणार?

असो. वेळ थोडा आहे, पण ‘तिला’ राहायला नको. ‘मी तिला समजून घेतलं’: ‘ज ले कोंप्रीझ’, शेवटी झ वाजतो. ‘मी तिला सांगितलं’: ‘ज ल्वी ए दी’, त वाजत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘तिला’, फ्रेंचमध्ये पहिली थेट कर्म, दुसरी नाही. बदल फक्त थेट कर्मासाठी. म्हणून क्रियापद सुटं पाठ करू नका. ‘कोंप्रांद्र केल्कँ’, कुणाला समजून घेणं, पण ‘दीर आ केल्कँ’, कुणाला सांगणं, असं जोडीनं पाठ करा. मध्ये ‘आ’ आला की बदल नाही.

आणि ‘आँ’, म्हणजे ‘त्यातलं’, आधी आलं तरी क्रियापद तसंच राहतं. सफरचंदं? ‘ज’आँ ने प्री.’ त्यातली घेतली. सफरचंद फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, तरी ‘प्री’च, ‘प्रीझ’ नाही.

वहीत ‘व्यू’ म्हणजे पाहिलं, ‘मांजे’ म्हणजे खाल्लं, अशी क्रियापदं घेऊ नका, त्यांत फरक कानाला कळतच नाही. लिहिण्याचं एक्री-एक्रीत, ठेवण्याचं मी-मीझ, घेण्याचं प्री-प्रीझ, करण्याचं फे-फेत, या चार जोड्या घ्या. प्रत्येकीची दोन वाक्यं करा, कर्म एकदा आधी, एकदा नंतर, आणि मोठ्यानं म्हणा.

नमस्कार.