पाणी आणि पाणघोडा

नमस्कार, श्रोतेहो! आज आपण आफ्रिकेतल्या चोबे नदीवर जाऊ. अलीकडे बोत्स्वाना, पलीकडे नामिबिया. मे ते ऑक्टोबर पाऊस जवळपास नसतोच. रानातले पाणवठे आटले की हत्तींचे कळपच्या कळप नदीवर उतरतात. म्हणून जायचं ते याच दिवसांत. कासाने गावातून दुपारी बोट निघते.

नदीत सेदुदू नावाचं गवताळ बेट आहे. पुरात ते चक्क बुडतं, तरी त्याच्यावरून दोन्ही देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९९९ साली ते बोत्स्वानाला मिळालं. हत्ती तिथे पोहत जातात, सोंडा वर काढून.

सूर्य मावळता बोटी परततात. मग कॅम्प, शेकोटी, जेवण. सेस्वा म्हणजे शिजवून कुटलेलं गोमांस. ते खात नसाल तर 'पाप', म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी. हल्ली टूरवाले सोबत महाराज नेतात. एवढ्या लांब जाऊन कांदेपोहेच खायचे, तर पुणे काय वाईट होतं? असो.

आता मुख्य गोष्ट. कॅम्पला कुंपण नसतं. पाणघोडा दिवसा उन्हापासून कातडी जपत पाण्यात बसतो आणि रात्री चरायला वर येतो. तेव्हा त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही. पुन्हा सांगते, मध्ये उभं राहायचं नाही! बिथरला की तो पाण्याकडेच धावतो.

जेवून आम्ही तंबूकडे निघालो. पुढे बॅटरी घेऊन गाइड, मागे मी आणि आमच्या ग्रुपमधल्या सांगलीकडच्या एक काकू. डावीकडे नदी. उजवीकडून आवाज आला, खर्रर्र... खर्रर्र... गवत उपटल्याचा. बॅटरी फिरली, तर दहा-बारा पावलांवर पाणघोडा! म्हणजे मधे कोण? आम्ही.

काकूंचा जन्म गोठ्यात गेलेला. त्यांनी सवयीने हात उगारला आणि "हुर्र..." एवढं तोंडातून निघतंय तोच गाइडने मनगट धरलं. एकेक पाऊल मागे घेत त्याने आम्हाला जेवणाच्या ओट्यावर आणलं. पाणघोडा मान खाली घालून चरतच होता.

काकू म्हणाल्या, "एवढं धूड मोकळं, आणि दाव्याला बांधायला कुणी नाही!"

गाइडला मी हे इंग्रजीत सांगितलं, तसा तो पोट धरून हसला. बोत्स्वानात गुराढोरांना फार मान. त्याच्याही घरी गाई होत्या. मग काय! दूध किती, चारा कुठला, बैलाला भाव काय, यांच्या चौकश्या सुरू झाल्या आणि मी मधे दुभाषी. काकूंनी आपल्या मुऱ्हा म्हशीचा फोटो दाखवला. त्याने शिंगांची वेटोळी बोटांनी मोठी करकरून पाहिली. तेवढ्यात पाणघोडा केव्हा निघून गेला, कुणाला पत्ताच नाही.