पैंजण रुतलेला पाय

(दृश्य : पहाट. परसात चुलीवर पाण्याचा हंडा. आतल्या खोलीत खाट, खाटेखाली शेगडी.)

बाळंतपणाला दहा दिवस झाले होते. सिझेरियन झालेलं, पहिली मुलगी. सांगली जिल्ह्यातलं हे तिचं माहेर. माहेरी सव्वा महिना जे जे करतात ते सगळं इथं मायेनं चाललेलं : शेकशेगडी, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, खाटेवरून फारसं उतरायचं नाही, पाणी बेतानं. तिच्या विनंतीवरून आपण तिचं नाव घेत नाही आहोत.

नवव्या दिवशी तिचा डावा पाय जड वाटायला लागला. वात धरला असेल म्हणून मालिशवाल्या मावशींनी कोमट तेलानं पोटरी चांगली रगडून दिली. दहाव्या दिवशी सकाळी आईला दिसलं, की लेकीच्या डाव्या पायातला पैंजण रुतलाय. उजव्या पायातला सैल, घोट्यावर सरकणारा. डाव्याखाली मात्र साखळीचा वळ उमटलेला.

"अगं, पाय सुजलाय की तुझा!"

"बसून बसून झालं असेल गं आई."

तेवढ्यात मावशी आल्या. तेलाचा हात पायाला लावला आणि लगेच काढून घेतला. म्हणाल्या, "काकू, ह्यो पाय तापलाय. मी न्हाई आता ह्याला हात लावायची. दवाखान्यात न्या."

पुढचं सगळं त्यांच्या या बोलण्यामुळं घडलं, म्हणून ते आधी सांगितलं.

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं सोनोग्राफी सेंटर. पडद्यावर काळी-करडी हलती आकृती.)

डॉक्टरांनी शिंप्याकडे असतो तसा टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३६ सेंटिमीटर, डावी ४१. दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, की डॉक्टर सावध होतात. नंतर डॉप्लर सोनोग्राफी. ही तपासणी मुळात फार साधी आहे. जांघेत आणि गुडघ्यामागं प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा दांडा, ठेवून हलकेच दाबायचं. निरोगी शीर दाबली की चपटी होते, पडद्यावरून जणू पुसली जाते. हिची शीर दाबूनही गोलच राहिली, कारण ती आतून भरलेली होती. गुडघ्यामागून जांघेपर्यंत आणि तिथून वर ओटीपोटात गोठलेल्या रक्ताची गुठळी पसरली होती.

याला म्हणतात डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, डीव्हीटी. कातडीखाली निळ्या दिसतात त्या शिरांचा हा आजार नाही. स्नायूंच्या आत, खोलवर, पायातलं बहुतेक सगळं रक्त ज्या शिरांतून हृदयाकडे परत जातं, त्या शिरांचा हा आजार आहे.

(दृश्य : रेखाचित्र. पाय, पोटरी, वर जाणाऱ्या शिरा, शिरांमधल्या झडपा.)

पायातलं रक्त वर चढवायचं म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं आहे. हृदय रक्त खाली ढकलतं. ते परत वर आणायचं काम मुख्यतः पोटरीच्या स्नायूंचं. चालताना प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं. शिरेतल्या नाजूक झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस झोपून राहिला, की हा पंप थांबतो.

रक्त का गोठतं याची तीन कारणं रुडॉल्फ फिरशो या जर्मन डॉक्टरांच्या नावानं ओळखली जातात : रक्ताचा वेग मंदावणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. त्यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१चा, आणि दर वर्षी त्याच तारखेला जागतिक थ्रॉम्बोसिस दिन पाळतात. बाळंतिणीच्या शरीरात ही तिन्ही कारणं एकत्र येतात. प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानं गरोदरपणातच रक्त गोठवणारी द्रव्यं वाढवून ठेवलेली असतात. वाढलेल्या गर्भाशयाचा ओटीपोटातल्या शिरांवर दाब पडलेला असतो. त्यात शस्त्रक्रिया. आणि मग आपण तिला पंधरा-पंधरा दिवस खाटेवरून उतरू देत नाही, पाणी तोडतो. आपल्या आया-आज्यांनी हे प्रेमापोटीच केलं, यात मला शंका नाही. पण बाळंतिणीनं भरपूर पाणी प्यावं आणि लवकर चालायला लागावं, असं आज कुठलाही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल.

एकेकाळी युरोपातही बाळंतिणीचा असा पांढरट सुजलेला पाय बघून लोक म्हणत, की छातीतलं दूध पायात उतरलंय. त्याला नावच 'दुधाचा पाय' असं पडलं होतं. वात धरला म्हणणाऱ्या आपल्या माणसांवर रागावण्याआधी हे आठवावं.

आता प्रश्न, डावाच पाय का? गरोदरपणात पायात गुठळी झाली, तर दहांतून साधारण आठ वेळा ती डाव्या पायात असते. पोटात, बेंबीच्या जरा खाली, उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला ओलांडून जाते. मागं मणक्याचं हाड, पुढं टणक, ठोके देणारी धमनी, आणि मध्ये ही मऊ शीर. १९५७ साली मे आणि थर्नर या ऑस्ट्रियातल्या दोन डॉक्टरांनी ४३० मृतदेह तपासले. त्यांतल्या २२ टक्क्यांमध्ये या जागी शीर आतून जाड, पापुद्रे आल्यासारखी झालेली सापडली. म्हणजे कित्येक जणांच्या पोटात ही चिमटलेली जागा असते, आणि आयुष्यभर काहीही होत नाही. या मुलीच्या बाबतीत बाळंतपणाचं निमित्त झालं.

(दृश्य : रात्र. पुण्याकडे धावणारी रुग्णवाहिका. आईच्या मांडीवर बाळ.)

पहिला उपचार तालुक्यातच सुरू झाला होता. पोटावर, कातडीखाली हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन. आपण सहज म्हणतो, रक्त पातळ करायचं औषध. खरं तर ते रक्त पातळ करत नाही आणि झालेली गुठळी विरघळवतही नाही. ते नवी गुठळी होऊ देत नाही आणि आहे तिला वाढू देत नाही. उरलेलं काम शरीर स्वतः करतं, हळूहळू, आठवडे-महिने लावून. डीव्हीटीच्या बहुतेक रुग्णांना एवढं पुरतं. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढं जे दाखवणार आहोत ते प्रत्येकासाठी नाही.

मग हिला कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिनीत नळी घालतात त्या खोलीत, का नेलं? गुठळी ओटीपोटापर्यंत गेली होती. औषध सुरू करूनही पाय तटतटलेला, निळसर पडत चाललेला, उभं राहिलं की कळ. वय २६. गुठळी जिथं जुनी होते तिथल्या झडपा निकामी होतात. मग पुढं अनेकांचा पाय कायमचा सुजतो, कातडी काळवंडते, घोट्यापाशी न भरणारी जखम होते. आणि गुठळी ताजी असते तोवरच सहज निघते. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. त्यानंतर ती शिरेच्या भिंतीला चिकटून चिवट होत जाते.

(दृश्य : कॅथलॅब. निळ्या कापडाखाली पालथी झोपलेली रुग्ण. मॉनिटरचा आवाज.)

तो बाराव्या दिवसाचा सकाळचा प्रहर होता. घरी त्या दिवशी बारसं व्हायचं होतं.

तिला पालथं झोपवलंय. गुडघ्यामागं भूल दिली आहे, तेवढ्याच जागेपुरती. ती जागी आहे.

"ताई, आता जरा दाबल्यासारखं वाटेल. दुखलं तर सांगा."

"बाळ रडतंय का बाहेर?"

"नाही, झोपलंय."

सोनोग्राफीवर बघत डॉक्टर सुई शिरेत घालतात. सुईतून बारीक, लवचिक तार. सुई बाहेर, तार आत. तारेवरून पोकळ नळी. सुई, तार, नळी ही रीत १९५३ साली स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्याआधी नळी शिरेत घालायला कातडी कापावी लागे नाहीतर जाडजूड सुई वापरावी लागे. आज जगातल्या कुठल्याही कॅथलॅबमध्ये जा, दिवसाची सुरुवात सेल्डिंगरांच्या या तीन पायऱ्यांनी होते.

नळीतून रंगद्रव्य सोडलं. एक्स-रेच्या पडद्यावर शीर दिसायला हवी ती सलग नदीसारखी. इथं मात्र कडेकडेनं बारीक ओघळ आणि मध्ये भरलेला गाळ.

गुठळी काढायचे दोन मार्ग. एक, छिद्रं असलेली नळी थेट गुठळीत ठेवून तिथंच विरघळवणारं औषध थेंब थेंब सोडायचं. याला बारा ते चोवीस तास लागतात, अतिदक्षता विभागात, रक्तस्रावावर डोळ्यांत तेल घालून. दुसरा, गुठळी यंत्रानं ओढून किंवा शोषून काढायची. हिचे सिझेरियनचे टाके अजून ओले होते. विरघळवणारं औषध टाके बघत नाही, ते जिथं तिथं गोठलेलं रक्त सोडवतं. म्हणून दुसरा मार्ग.

इथं थोडं मागं, अमेरिकेतल्या सिनसिनाटीला जायला हवं. १९५०च्या दशकात टॉमस फोगार्टी नावाचा तरुण तिथल्या रुग्णालयात शल्यक्रियागृहात मदतनीस होता. पुढं तो डॉक्टर झाला. रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या काढायला तेव्हा मोठमोठे छेद घ्यायचे, तासन् तास शस्त्रक्रिया चालायची, आणि तरी कित्येकांचे पाय कापावे लागत. त्यानं लघवीच्या मार्गात घालायची बारीक नळी घेतली. शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या बोटाचं टोक कापलं. ते नळीवर बसवायचं कसं? गोंद धरेना. त्याला लहानपणापासून मासेमारीचा नाद. गळाला कृत्रिम माशी बांधायच्या गाठी त्याला येत होत्या. त्याच गाठी मारून त्यानं तो फुगा पक्का केला. नळी गुठळीपलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा, आणि ओढत बाहेर. १९६१मध्ये ती नळी पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. ती धमन्यांसाठी होती. पण पलीकडे जाऊन मागं ओढायचं, ही कल्पना आजच्या उपकरणांच्या पोटात तशीच आहे.

(दृश्य : क्लोजअप. डॉक्टरांच्या तळहातावर तारेची जाळी. दाबली की मिटते, सोडली की उमलते.)

ही जाळी नायटिनॉलची. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, जो आपला आकार लक्षात ठेवतो. मिटवून नळीत भरा, शिरेत सोडा, ती पुन्हा आपल्या मूळ आकारात उमलते. गुठळीच्या वरच्या टोकापलीकडे ती उघडतात आणि सावकाश मागं ओढतात. पुढची कडा शिरेच्या भिंतीवरून गुठळी सोलत येते, मागची पिशवी ती गोळा करते.

पहिल्या ओढीत थोडं आलं. दुसऱ्यात जास्त. तिसऱ्या वेळी नळीतून जे बाहेर आलं ते परिचारिकेनं पांढऱ्या गॉझवर लांब करून ठेवलं. वीतभर लांब, करंगळीएवढं जाड, काळपट लाल. एका टोकाला जरा फिकट, रबरासारखं. तो जुना भाग. शिरेच्या आतल्या वळणाचा हुबेहूब साचा. खोलीत कुणीच बोललं नाही.

पुन्हा रंगद्रव्य. आता शीर सलग दिसली, फक्त वर, धमनीखालच्या त्या जागी चिमटा स्पष्ट. तिथं आधी फुगा फुगवला, मग १६ मिलिमीटरचा स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. तरुण मुलीत स्टेंट बसवायचा की नाही, यावर डॉक्टरांत आधी बरीच चर्चा झाली. स्टेंट जन्माचा सोबती असतो. पण चिमटा तसाच ठेवला तर गुठळी परत होण्याचा धोका मोठा, म्हणून बसवला.

टाका नाही. गुडघ्यामागं छोटीशी पट्टी. दोन तासांनी बाळ अंगावर पाजायला घेतलं. इंजेक्शनचं हेपारिन दुधावाटे बाळाला बाधत नाही.

(दृश्य : रुग्णालयाचा कॉरिडॉर. निवेदक कॅमेऱ्यासमोर.)

एवढं बघितल्यावर वाटेल, हे प्रत्येकाला का करत नाहीत? अमेरिकेत डॉ. सुरेश वेदांतम यांच्या नेतृत्वाखाली ६९२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. निष्कर्ष २०१७च्या डिसेंबरात आले. अर्ध्या रुग्णांना नुसती गोळ्या-इंजेक्शनं, अर्ध्यांना त्याबरोबर नळीतून औषध आणि यंत्राचा उपचार. दोन वर्षांनी पायाचा दीर्घकाळचा त्रास किती जणांना उरला? ४८ टक्के आणि ४७ टक्के. जवळजवळ सारखाच. पहिल्या दहा दिवसांतला मोठा रक्तस्राव मात्र ०.३ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर गेला. पण त्रास मध्यम किंवा तीव्र असणाऱ्यांचं प्रमाण २४ टक्क्यांवरून १८वर आलं होतं. तेव्हापासून उपकरणं बदलली, विरघळवणारं औषध न वापरता गुठळी काढता येऊ लागली. तरी मला वाटतं, हे आकडे प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना आधी सांगायला हवेत. पोटरीतली छोटी गुठळी असेल आणि कुणी लगेच जाळी-स्टेंटची भाषा करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. आणि ओटीपोटापर्यंत गेलेली ताजी गुठळी असेल, पाय निळा पडत असेल, तर वाट बघू नका.

गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर अचानक दम लागतो, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडतं, माणूस भोवळ येऊन पडतो. तिथं थांबून विचार करायचा नाही. १०८ला फोन.

(दृश्य : दीड महिन्यानंतर. तेच घर. फुलांनी सजवलेला पाळणा.)

राहिलेलं बारसं आज आहे. आत्या कोल्हापूरहून आली आहे, बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. बाळंतीण पाळण्यापाशी उभी आहे. साडीच्या आत डाव्या पायात घट्ट मोजा, कारण दिवस मावळेपर्यंत थोडी सूज अजून येते. उजवी पोटरी ३६, डावी ३७. इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ, ती आता स्वतःच घेते, पोटाची चिमूट धरून. निदान तीन महिने औषध चुकवायचं नाही. पुढच्या बाळंतपणात तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना हे सांगायचंय.

मालिशवाल्या मावशी पण आल्या आहेत. बाळाच्या मामानं त्यांना मोबाइलवर गॉझवरच्या गुठळीचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "ह्ये होतं व्हय आत," एवढंच म्हणाल्या, आणि हात पदराला पुसला.

त्यांच्याकडे सध्या तीन बाळंतिणी आहेत. कुठल्याही घरी गेल्या, की त्या तेलाची वाटी बाजूला ठेवतात, बाळंतिणीला पाय लांब करून बसायला सांगतात, आणि आधी दोन्ही पाय शेजारी शेजारी बघतात.