डेडस्टॉकमधला महासंगणक

[दृश्य: रॅमची पट्टी आणि खोडरबर, अगदी जवळून]

कंपासपेटीतलं साधं खोडरबर आहे हे. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडले होते, ते हलक्या हाताने घासायचे. मशीन चालू केलं की पडद्यावर काहीच येत नाही, नुसते बीप वाजत राहतात, तो आजार पुष्कळदा एवढ्यानेच बरा होतो.

[दृश्य: जमिनीवर ओळीने मांडलेले डेस्कटॉप]

असे अकरा डेस्कटॉप आम्ही भंगाराच्या भावाने आणले. एका कॉलेजाने ते निर्लेखित, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकलेले होते. कॅबिनेटवर रंगवलेला डेडस्टॉक नंबर, म्हणजे कॉलेजाच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक, अजून दिसतोय. आत कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि दोन जीबी रॅम. अकराही उघडले. एकाचा पॉवर सप्लाय, दुसऱ्याचा मदरबोर्ड, तिसऱ्याचा पंखा, असं जुळवत जुळवत सहा मशीन उभी राहिली. ती एकमेकांना जोडून एकच काम वाटून करणारा छोटा महासंगणक आम्हाला करायचाय.

अकरांतून सहा म्हणजे खूपच झाली. अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत, विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना एक चालतं मशीन मिळवायला सरासरी पाच जुनी मशीन उघडावी लागत. गोष्ट १९९६ची. हवामान आणि माती सारखी असलेले प्रदेश वेगळे दाखवणारा देशाचा नकाशा त्यांना करायचा होता. एक चौरस किलोमीटरचा एक चौकोन, असे ७८ लाख चौकोन. प्रत्येकाचा पाऊस वेगळा, तापमान वेगळं, मातीतला नायट्रोजन वेगळा. एकट्या पीसीला हे झेपणारं नव्हतं. ६४ नव्या पीसींचा प्रस्ताव त्यांनी दिला, तो नामंजूर झाला. मग त्यांनी प्रयोगशाळेतलेच टाकून दिलेले पीसी गोळा करायला घेतले.

पातेल्यात नुसता दगड उकळत ठेवणाऱ्या वाटसरूची तिकडे एक लोककथा आहे. गावकरी कुतूहलाने जमतात, कोणी गाजर टाकतं, कोणी कांदा, आणि सूप होतं. त्यावरून या यंत्राला नाव पडलं, 'स्टोन सूपरकॉम्प्युटर'. २००१पर्यंत त्यात १३३ मशीन होती, त्यातली ७५ तर इंटेलच्या जुनाट ४८६ प्रोसेसरची. नकाशा झाला.

[दृश्य: नेटवर्क केबलचं टोक, क्रिम्पिंग टूल]

पांढरा-नारिंगी, नारिंगी. पांढरा-हिरवा, निळा. पांढरा-निळा, हिरवा. पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा, याच क्रमाने. टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायची आणि मग दाबायचं.

[इथे निवेदन नाही. क्रिम्पिंगचा आवाज ऐकू द्यावा.]

१९९४मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रोसेसरची १६ मशीन अशाच साध्या इथरनेट केबलने जोडली, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि त्याला 'बेओवुल्फ' म्हटलं. घरात क्लस्टर, म्हणजे एकत्र राबणारी मशीनची अशी जोडणी, बांधणारे बहुतेक जण आजही त्याच वाटेने जातात. आणि पुण्याला तर हा विचार त्याआधीच ठाऊक होता. १९९१मध्ये सी-डॅक या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने उभारलेला महासंगणक 'परम ८०००' हा ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडूनच तयार झाला होता.

[दृश्य: सगळ्या केबल जिथे जुळतात त्या नेटवर्क स्विचवर लुकलुकणारे हिरवे दिवे]

लग्नघरी तांदूळ निवडायला बायका बसतात, तसं हे काम चालतं. पोतं मध्ये, प्रत्येकीच्या पुढ्यात एक ताट. जिचं आधी संपेल तिला पुढचा ढीग. एक नंबरचं मशीन वाढपी. ते काम तोडून देतं आणि उत्तरं गोळा करतं. हा निरोपानिरोपीचा कारभार एमपीआय नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं. पुष्कळदा वेळ जातो तो या निरोपांतच, म्हणून केबल नीट हवी.

वीज बरीच लागते, खोली तापते. आजचा एक चांगला लॅपटॉप या सहाही मशीनना मागे टाकेल. पण त्यात काम कसं वाटलं जातं ते असं डोळ्यांना दिसत नाही, आणि झाकण उघडून बोट ठेवून कोणाला दाखवता येत नाही.

[दृश्य: पडद्यावर मँडेलब्रॉटची, गणिताच्या सूत्रातून उमटणारी नक्षीदार आकृती पट्ट्यापट्ट्यांनी भरत जाते]

एकेक पट्टी एकेका मशीनच्या वाट्याला येते, आणि प्रत्येक मशीनला आम्ही एक रंग दिलाय. पिवळं सगळ्यात चपळ. खाली उजवीकडे एक पट्टी अजून काळी आहे. ती सहा नंबरची. त्याची रॅम मघाशी खोडरबरने घासली होती.

[पट्टी भरेपर्यंत कॅमेरा हलत नाही.]