आमदार ‘मंजूर’ म्हणतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

गावात फलक लागतो : ‘आमदारसाहेबांच्या प्रयत्नांतून सभामंडपासाठी निधी मंजूर.’ खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्या फोटोंना जेवढी जागा जाते तिच्या चौथाईत कामाची सगळी माहिती मावली असती, पण ते असो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि दोन पावसाळे उलटले तरी जागेवर वीट दिसत नाही. मग पारावर बोललं जातं, पैसे खाल्ले. पुष्कळदा ते खाल्लेले नसतात. आलेलेच नसतात.

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून आपल्या राज्यात एका आमदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. सुचवता येतात, श्रोतेहो. तो पैसा त्यांच्या हातात येत नाही. आमदारांचं शिफारसपत्र जातं जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे. मग काम कोणी करायचं ते ठरतं : सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका, जे असेल ते. तिथला अभियंता अंदाजपत्रक काढतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, मग निविदा, आणि सगळ्यात शेवटी कार्यारंभ आदेश. फलक बहुतेक वेळा शिफारसपत्रावरच लागलेला असतो.

अडतं कुठं? बहुधा जागेवर. सभामंडपाची जागा देवस्थानाच्या किंवा कुणा भाऊबंदांच्या नावावर निघते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे मिळकतीचा उतारा, जोडलेला नसतो, नाहीतर ठराव नसतो. फाइल परत येते. ती परत आली, हे मात्र फलकावर कुणी लिहीत नाही.

म्हणून ‘मंजूर’ हा शब्द कानावर पडला की एवढंच विचारा : कोणता कागद झाला? शिफारसपत्र, प्रशासकीय मान्यता, की कार्यारंभ आदेश? पुन्हा सांगतो : शिफारसपत्र, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. कागदाचं नाव आणि त्याची तारीख सांगणारा आमदार आपल्याला माहिती देतो. नुसता ‘पाठपुरावा सुरू आहे’ म्हणणारा वेळ मारून नेतो.

यावरून रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांची गोष्ट सांगायलाच हवी. वि. स. पागे म्हणजे आपल्या विधान परिषदेचे सभापती. 1960 पासून 1978 पर्यंत, सलग अठरा वर्षं. सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यसैनिक, संतवाङ्मयाचे अभ्यासक. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांची शेती. सभापतीनं सभागृहात कमी बोलायचं असतं, त्यामुळे या माणसानं बोलण्यापेक्षा हिशेब जास्त केला.

असं सांगतात की 1965 च्या सुमारास त्यांनी घरात पत्नीला, प्रभाताईंना, विचारलं : सरकारनं सातशे रुपये दिले, तर आपल्या शेतावर किती माणसांना आणि किती दिवस काम देता येईल? बाईंनी घरच्या हिशेबानं उत्तर दिलं. बांधबंदिस्तीला इतकी माणसं, इतके दिवस. मग पाग्यांनी तोच आकडा तालुक्याला लावला, राज्याला लावला, आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडला. त्या मांडणीत ‘गरिबांचं कल्याण व्हावं’ असा मोघमपणा नव्हता. इतके रुपये, इतके हात, इतके दिवस असा रोखठोक हिशेब होता. त्यातून तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग सुरू झाला. 1972 चा दुष्काळ पडला, आणि रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. 1977 मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पुढे 2005 मध्ये केंद्रानं देशासाठी कायदा केला, तेव्हा पुढ्यात नमुना होता तो महाराष्ट्राचाच.

पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांकडून. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीत व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, तो कर 1975 साली आला तो रोजगार हमीसाठी. फेब्रुवारीत शंभर जास्त का गेले म्हणून दरवर्षी हिशेबनिसाशी हुज्जत घालणाऱ्यांना हे शाळेतच शिकवायला हवं होतं.

आता गोष्टीतला कळीचा भाग. कायदा म्हणाला : मजुरानं काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्या, नाही दिलं तर बेकारभत्ता द्या. पण पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? मागणीच्या तारखेपासून. आणि मागणी कागदावर हवी. नमुना चारवर काम मागायचं आणि नमुना पाचवर तारखेची पोचपावती घ्यायची. घोळ व्हायचा तो इथंच. मजूर तोंडी सांगून घरी जायचे. कुठं अर्ज ठेवून घ्यायचे, पण ‘पावती उद्या न्या’ म्हणायचे. पावती नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस सुरूच होत नाहीत, आणि भत्त्याचा प्रश्नच मिटला. ज्या भागात लोकप्रतिनिधीनं किंवा संघटनेनं वाडीवर जाऊन ‘नमुना चार भरा, नमुना पाच घेतल्याशिवाय उठू नका’ एवढं सांगितलं, तिथं काम मागणं सोपं झालं. जिथं नुसतं ‘सरकारनं रोजगाराची हमी दिली आहे’ असं भाषण झालं, तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माहिती उलट्या दिशेनंही जावी लागते, तुमच्याकडून आमदारांकडे. अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला जातो, त्याची भाषा ठरलेली : ‘अमुक गावात तमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही ठरलेली. ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. चार ओळींत विषय संपला.

हे टाळता येतं. तुम्ही आमदारांना ‘आमच्या भागात रस्ते खराब आहेत’ असं निवेदन दिलंत, तर त्यातून मोघम प्रश्न निघतो आणि प्रश्नातली एक गोष्ट जरी चुकली तरी विभाग तिच्यावर बोट ठेवून ‘हे खरे नाही’ लिहून मोकळा होतो. निवेदनात रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कोणत्या विभागाचा, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि कामाची मुदत लिहा. हे कागद जवळ नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका अर्जात एकच विषय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून अर्ज अधिवेशनाच्या तोंडावर न करता दोन-अडीच महिने आधी करा. हिवाळी अधिवेशन नागपूरला साधारण डिसेंबरात असतं, तेव्हा त्या हिशेबानं गणपतीचं विसर्जन झालं की लगेच अर्ज टाकलेला बरा.