गाडी अडते कुठे? मॉडेल रेल्वेची सफाई आणि वंगण

(दृश्य: ठाणे, घोडबंदर रोडवरचा एक फ्लॅट. आठ बाय चार फुटी प्लायवर रुळांचा लंबगोल. डिझेल इंजिन अडखळत चाललंय.)

कापड हातात घेण्याआधी इंजिन अडतंय कुठे ते बघायचं. दर फेरीला त्याच जागी अडलं, तर दोष रुळात. कुठेही थांबत असेल, तर चाकांत किंवा चाकांवरून वीज उचलणाऱ्या पातळ पट्ट्यांत. दिवा लख्ख लागतोय पण गाडी हलत नाही? मग वीज पोहोचतेय. मोटर आणि गिअर तपासा.

हे एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणाचं मॉडेल. रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, साध्या डीसी कंट्रोलरवर दाब 12 व्होल्टपर्यंत. चाक रुळाला टेकतं ते टिंबाएवढ्या जागेत, त्यामुळे थोडा मळही पुरतो.

(दृश्य: पांढऱ्या कापडावर उमटलेली काळी रेघ.)

हा काळा थर नुसत्या धुळीचा नाही. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात, त्यातून धातूचं ऑक्साइड बनतं. त्यात प्लास्टिकच्या चाकांची झीज आणि गळालेलं तेल मिसळतं. वर बांधकामांची धूळ आणि पावसाळ्यातली खाडीकाठची दमट हवा आहेच. निकेल सिल्व्हरचे (तांबं, निकेल, जस्त यांच्या मिश्रधातूचे) रूळ काळवंडतात. पोलादी रूळ सरळ गंजतात.

वीज बंद करा. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा, नाहीतर तिचा चिखल होईल. मग धागे न सुटणारं सुती कापड लाकडी ठोकळ्याला गुंडाळून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात तेच. कापडाची जागा बदलत राहा. मळलेल्या कापडाने मळ फक्त पुढे सरकतो. बरेच जण अल्कोहोलऐवजी मिनरल टर्पेंटाइन वापरतात, कारण त्यानंतर रूळ उशिरा काळे पडतात असा त्यांचा अनुभव. पण मग कोरड्या कापडाने पुसणं आलंच. दोन्ही द्रव पेट घेतात: खिडकी उघडी, देवघरातला दिवा लांब.

सँडपेपर नकोच. त्याचे ओरखडे मळाला घर करून देतात. स्टील वूल त्याहून वाईट: त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

एवढं करूनही गाडी तिथेच अडली, तर मल्टिमीटर काढा. इंजिन चालू ठेवून कंट्रोलरजवळचे आणि लांबच्या टोकाचे व्होल्ट मोजा. एक-दीड व्होल्टचा फरक म्हणजे बहुधा रेल जॉइनर, म्हणजे रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, सैल झालेत. ते पुसून उपयोग नाही; रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर सोल्डर करावी लागते. गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याच्या हलत्या पात्यांखाली मळ साचतो, तो टूथपिकने काढा.

(दृश्य: रुळांवर आडवा टिश्यू. इंजिनाची एक बोगी (म्हणजे खालची चाकांची चौकट) त्यावर, दुसरी उघड्या रुळावर.)

आता चाकं. टिश्यू अल्कोहोलने ओला करा आणि पूर्ण वाळण्याआधी, इंजिन हाताने धरून, अर्धा वेग द्या. चाकं जागच्या जागी फिरतील आणि टिश्यूवर काळे पट्टे उठतील. मग इंजिनाचं तोंड दुसरीकडे करून दुसरी बोगी.

बॉडी उघडली की ॲक्सलला गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे चिमट्याने काढा. जुनं, घट्ट झालेलं ग्रीसही पुसा. त्यावर नवं घातलं की दोन्हींचा लगदा होतो.

वंगणात हात आखडता असावा. मोटरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला सुईच्या टोकावर राहील एवढंच, प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक तेल. ॲक्सलच्या टोकांनाही तेवढंच. वर्म गिअरला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरला, मोहरीएवढं प्लास्टिक-सेफ ग्रीस. मोटरच्या आत फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कॉम्युटेटर आणि कार्बन ब्रशला तेल लागता कामा नये. तिथे तेल आणि कार्बनची पेस्ट होऊन मोटर तापते. घरातलं खोबरेल तर अजिबात नको: थंडीत थिजतं, उन्हाळ्यात पसरून रुळावर येतं. चाकांवरच्या रबरी टायरला तेल लागलं, की चढावर चाकं घसरतात.

मग दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं मध्यम वेगाने चालवा आणि चाकं पुन्हा एकदा पुसा, कारण जास्तीचं तेल आत्ताच बाहेर येतं.

(दृश्य: इंजिन हळू चालतंय. ठक... ठक... ठक.)

हा आवाज चाकाच्या फेरीबरोबर येत असेल, तर ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकला असण्याची शक्यता मोठी. ग्रीसने तो गप्प होत नाही. चाकजोडी काढून भिंगाखाली दात आणि मधला भाग तपासा. तडा दिसला तर नवा गिअर मागवा.